रिकाम्या नळीतला हायड्रोजन

मामांच्या घरात मोजण्याची साधनं भरपूर आहेत. स्टीलच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात व्हर्नियर, मायक्रोमीटर, दोन-तीन गेज आणि ती पुसायला तेलाची चिंधी. मामा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात लेथवर आहेत. पातेल्याच्या काठाची जाडी आधी बोटांनी चाचपून सांगतात आणि मग मायक्रोमीटर लावून स्वतःचीच परीक्षा घेतात. मामी घरी ब्लाउज शिवते. तिच्या गळ्यात टेप नसेल तर ती आजारी आहे असं समजावं. बारावीनंतर मी मीरा रोडला त्यांच्याकडे शिकायला आले, पदव्या झाल्या, पीएच.डी. सुरू झाली, आणि सगळ्यात लांबलेलं मोजमाप त्या घरात माझंच ठरलं.

"सहा वर्षं झाली, अजून मोजतीच आहे ही," मामी जिन्यात शेजारच्या भाभींना सांगायची. "एवढ्यात मी अख्ख्या पूनम सागर कॉम्प्लेक्सचे ब्लाउज शिवून दिले असते."

"अरे, पढ़ाई है, टाइम लगता है," भाभी म्हणायच्या.

"टाइम लगता है, लेकिन चीज तो दिखनी चाहिए ना!"

दिसण्याचाच तर प्रश्न होता. मी प्रोटॉनचा आकार मोजत होते. पहिल्यांदा मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "किती असतो?"

"एका मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग करा मामा. त्यातल्या एका भागापेक्षाही त्याची त्रिज्या थोडी कमी."

"आमचा मायक्रोमीटर शंभरावा भाग दाखवतो," ते म्हणाले. "पुढचे भाग कोण करणार?"

मग मी त्यांना अंधाऱ्या खोलीचं सांगितलं. खोलीच्या मधोमध काहीतरी टांगलेलं आहे. आत जायचं नाही, दिवा लावायचा नाही. दारातून वाटाणे फेकत राहायचे आणि कुठला वाटाणा कुठे उडाला ते मोजायचं. बहुतेक सरळ निघून जातात, काही थोडे वळतात, एखादा जोरात उलटा येतो. कोणत्या कोनात किती वळले यावरून कळतं की टांगलेली वस्तू किती मोठी आहे. आमचे वाटाणे म्हणजे इलेक्ट्रॉन, आणि टांगलेला तो प्रोटॉन.

"आणि ते वाटाणे वेचणार कोण?" मामीने मशीन न थांबवता विचारलं.

"तेच तर माझं काम आहे मामी."

ती इतकी हसली की तिचा दोरा तुटला.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडील एसटीच्या डेपोत गाड्या धुतात, माय अंगणवाडीत खिचडी शिजवते. आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट होतं आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे असायची. पण विज्ञानाच्या सरांनी आवारातल्या कडुनिंबाला एक तापमापक टांगला होता. तो रोज तीनदा वाचायचा आणि लिहायचा. लिहायच्या वह्या दोन. जे दिसेल ते त्याच क्षणी कच्च्या वहीत, खाडाखोडीसकट. मग चांगल्या अक्षरात पक्क्या वहीत. पक्की वही तपासणीला जायची. कच्ची फेकलेली सरांना चालत नसे. मी ती सवय अजून सोडलेली नाही.

घरातली मी पहिली पदवीधर. दहावीला वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला, शब्दकोश मिळाला. माझ्यासाठी इतक्या लोकांनी इतकं केलं होतं की काहीही चुकलं तर चूक माझीच असणार, असं मी मनाशी धरूनच चालले होते. मला तो नम्रपणा वाटायचा. त्याची किंमत पुढे तीन महिने मोजावी लागली.

आमच्या शास्त्रात तेव्हा एक जुनं भांडण चालू होतं. इलेक्ट्रॉन फेकून आधी केलेल्या बऱ्याच मोजमापांत प्रोटॉन थोडा मोठा निघत होता. दुसऱ्या एका पद्धतीने, म्हणजे हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनच्या जागी त्याचा जड भाऊबंद म्युऑन बसवून मोजलं, तर तो शेकडा चारच्या आसपास लहान निघत होता. चार टक्के म्हणजे फार वाटत नाही. पण सगळ्या जगाची पातेली ज्या मापावर चालतात तेच जर दोन माणसांनी दोन प्रकारे वाचलं, तर गाळा बंद ठेवावा लागेल, असं मामांनी ते समजून घेतलं.

म्हणून आमच्या प्रयोगात अगदी कमी वळलेले इलेक्ट्रॉनसुद्धा पकडायचे असं ठरलं होतं. अगदी थोडं वळणाऱ्यांतच आकाराची खरी खूण असते. प्रयोग परदेशात झाला. नोंदींचा ढीग दोन गटांना मिळाला: एक तिकडचा मोठा गट आणि दुसरा आमचा. आमचा गट म्हणजे मुंबईतल्या संस्थेतल्या माझ्या मार्गदर्शक मॅडम आणि मी. दोन्ही गटांनी आपापल्या पद्धतीने त्रिज्या काढायची. एकमेकांचे प्रोग्राम बघायचे नाहीत. बघितलं तर एकाची चूक दुसऱ्याला लागते.

आणखी एक रीत आहे, ती मला फार आवडते. उत्तर आम्हाला दिसत नाही. दोन्ही गटांबाहेरच्या एका बाईंनी एक आकडा निवडून बंद करून ठेवला होता. आमच्या प्रोग्राममधून जी त्रिज्या बाहेर पडायची, तिच्यात तो गुप्त आकडा आधीच मिसळलेला असायचा. त्यामुळे आपलं उत्तर मोठ्याच्या बाजूने आहे की लहानाच्या, हे कुणालाच कळत नाही आणि हवं तिकडे ढकलायचा मोहही होत नाही. दोन्ही गटांत गुप्त आकडा एकच, म्हणून आपापसातला फरक तेवढा दिसतो. तो फरक पुरेसा कमी झाला की सगळ्यांसमोर गुप्त आकडा काढून टाकायचा. याला आम्ही पेटी उघडणं म्हणतो. पेटी एकदा उघडली की कुणी काहीही बदलायचं नाही.

सहाव्या वर्षी, एप्रिलात, भीमजयंतीनंतरच्या आठवड्यात, दोन्ही गटांचे आकडे पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवले. ते जुळले नाहीत. फरक थोडाथोडका नव्हता, ज्या भांडणाचा निकाल लावायला आम्ही निघालो होतो जवळजवळ तेवढाच होता.

तिकडच्या गटाचे प्रमुख वयाने मोठे, अनुभवी. ते शांतपणे म्हणाले, "तीन महिने घेऊ. तोवर जुळलं नाही तर आमच्या आकड्यावर पेटी उघडू आणि दुसरं विश्लेषण या प्रयोगाच्या शोधनिबंधातून वगळू." कुणाचं ते त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. माझा प्रबंध त्याच विश्लेषणावर उभा होता आणि शिष्यवृत्तीची मुदत वर्षअखेर संपत होती.

बैठक संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "घाबरू नकोस. पण शोध."

मी शोधायला लागले. अर्थात स्वतःच्याच प्रोग्राममध्ये. सहा वर्षांत लिहिलेली एकेक ओळ काढून तपासत होते. सकाळी मामा गाळ्यावर गेले की त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडायचा आणि मामीच्या मशीनच्या आवाजात काम करायचं. पाचव्या आठवड्यात मला खरंच एक चूक सापडली. वळलेले इलेक्ट्रॉन ज्या स्फटिकांच्या भिंतीवर मोजतात, तिच्यातला एक कोपऱ्यातला स्फटिक मी उलट्या क्रमांकाने धरला होता. मी आनंदाने ओरडले. मामीने मशीन थांबवलं.

"सापडली?"

"सापडली!"

ती दुरुस्त केली, प्रोग्राम पुन्हा चालवला. फरक कमी होण्याऐवजी थोडा वाढला.

"म्हणजे चूक होती तेच बरं होतं," मामी म्हणाली आणि पुन्हा पायडल मारू लागली.

जुलैच्या मध्याला मी एका ओळीपाशी आले. चार वर्षांपूर्वी लिहिलेली. तिचा अर्थ एवढाच, की रिकाम्या नळीच्या प्रत्येक मोजणीतली पहिली तीस मिनिटं टाकून द्यायची.

हे रिकाम्या नळीचं थोडं सांगायला हवं. इलेक्ट्रॉनचा झोत एका लांब नळीतून येतो. मध्ये एक छोटा कप्पा, त्यात हायड्रोजन वायू सोडलेला. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक सुटा प्रोटॉन. पुढे स्फटिकांची भिंत, तिच्यावर वळलेले इलेक्ट्रॉन मोजले जातात. पण वायू नसतानाही नळीच्या कडांवरून उडालेले काही इलेक्ट्रॉन भिंतीवर येतातच. म्हणून अधूनमधून हायड्रोजन बंद करून नुसत्या नळीची मोजणी करायची आणि ती वजा करायची. तूप डब्यासकट तोलून मग डब्याचं वजन वजा करतात तसं.

ती ओळ मी काढून बघितली. माझा आकडा सरकला आणि तिकडच्या गटाच्या आकड्याशेजारी जाऊन बसला. फरक जवळजवळ नाहीसा!

मॅडमना फोन केला. त्यांनी नवा आकडा दोनदा वाचून घेतला. मग म्हणाल्या, "अगं, ही ओळ काढून टाकलीस तर पुढच्याच बैठकीत पेटी उघडेल. तुझा प्रबंध होईल. कुणी काही विचारणारही नाही."

"हो मॅडम."

"काढायची?"

मी पंख्याकडे बघत बसले. सहज होतं. एक ओळ. आणि माझं नेहमीचं मन सांगतच होतं की चूक आपलीच असणार, एवढी मोठी माणसं कशी चुकतील.

"काढू नये," मी म्हणाले. "ती मी काहीतरी बघून लिहिली होती."

"काय बघून?"

"काटा. काटा खाली यायला वेळ लागायचा."

"'लागायचा' हे बैठकीत चालणार नाही. दाखवावं लागेल. आणि हे लक्षात ठेव, आकडे जुळतात म्हणून ओळ काढायची नाही, तसंच आपली आहे म्हणून ठेवायचीही नाही. पुरावा काय म्हणतो ते करायचं."

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी तीन आठवडे त्या परदेशातल्या प्रयोगशाळेत शिफ्टवर काम करायला गेले होते. नवख्यांना तिथे कंटाळवाणं काम देतात. नळीच्या मध्यावर एक जुना काट्याचा दाबमापक होता, कॉम्प्युटरला न जोडलेला. कॅमेऱ्यातून तो एका छोट्या पडद्यावर दिसायचा. दर तासाला काटा वाचून छापील तक्त्यात लिहायचा, हे माझं काम. झोताचा वेळ फार मोलाचा, म्हणून हायड्रोजनची झडप बंद केली की त्याच मिनिटापासून रिकामी मोजणी सुरू करायचे. पण वायू काही झडपेबरोबर लगेच नाहीसा होत नाही. पंप नळीच्या टोकाला. तिथला इलेक्ट्रॉनिक दाबमापक दोन मिनिटांत शून्याजवळ जायचा आणि तोच नोंदींमध्ये उतरायचा. मध्यावरचा काटा मात्र रेंगाळत खाली यायचा. म्हणजे जिला आम्ही सगळे रिकामी म्हणत होतो, त्या नळीत पहिला अर्धा तास हायड्रोजन फिरत होता. आणि तोही कप्प्यात नव्हे, लांबीभर पसरलेला. ती मोजणी वजा केली तर डब्याबरोबर थोडं तूपही वजा होतं.

तक्त्यात तासाला एकच नोंद होती. तासाभरानंतर काटा तळालाच असायचा, त्यामुळे तिथे काहीच दिसत नव्हतं. पण मला राहवत नसे. मी दर दहा मिनिटांनी काटा वाचून माझ्या वहीत लिहायचे. पक्कं काय ते तक्त्यात, कच्चं माझ्याकडे.

"मामी, माझ्या बॅगेतली चौकटींची वही कुठंय? निळ्या पुठ्ठ्याची, परदेशातून आणलेली?"

मामीचे पाय पायडलवर थांबले.

"चौकटींची?"

"हो."

"ती रद्दीत नव्हती?"

"मामी!"

"ओरडू नको. चौकटीचा कागद कटिंगला बरा पडतो गं, माप चुकत नाही." ती उठली, खाटेखालची पिशवी ओढली. त्यातून ब्लाउजचे कागदी नमुने निघाले: पाठ, पुढचा भाग, गळे, बाह्या. वहीचा पुठ्ठा होता. बरीचशी पानं होती. पण मागची काही कापलेली होती.

मी फरशीवर बसले आणि एकेक नमुना उलटा करून पाहू लागले. मामी माझ्यासमोर बसली, रडवेली. "मला काय माहीत गं, नुसते आकडे होते."

"आकडेच पाहिजेत मामी."

एका बाहीवर माझं अक्षर सापडलं. तारीख, झडप बंद केल्याची वेळ, आणि खाली दहा-दहा मिनिटांचे सहा आकडे. शेवटचा बाहीच्या वळणावर अर्धा कापला गेला होता, पण वाचता येत होता. आणखी दोन गळ्यांवर, एक पाठीवर. वहीत उरलेली धरून रिकाम्या मोजणीच्या अकरा नोंदी जमल्या. अकराही ठिकाणी काटा अर्ध्या तासाने तळाला पोचलेला होता. मी मामीला मिठी मारली. तिला अजून कळलं नव्हतं की मी रागावले आहे की नाही.

दुसऱ्या दिवशी नया नगरमधल्या झेरॉक्सच्या दुकानात ते सगळे कागद स्कॅन करायला घेऊन गेले. दुकानदाराने बाही हातात घेतली, उजेडात धरली.

"दीदी, ये तो टेलर की कटिंग है."

"हां, पर पीछे लिखा हुआ है ना, वो चाहिए."

"आस्तीन का स्कैन?" त्याने पुन्हा विचारलं.

"आस्तीन का स्कैन."

"ठीक है, मेरे को क्या." पण मग त्याने स्वतःच काचेवर ती बाही तळहाताने नीट पसरली, वरून जाड पुस्तक ठेवलं आणि म्हणाला, "फोल्ड आ रहा था. अब एक-एक अक्षर आएगा." आलं.

नुसत्या काट्यावर भागणार नव्हतं. मॅडम म्हणाल्या, काटा अडकत असेल तर? म्हणून त्या अकरा मोजण्या मी पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत कापल्या आणि प्रत्येक तुकड्यात भिंतीवर किती इलेक्ट्रॉन आले ते मांडलं. पहिल्या अर्ध्या तासात तेही उतरत गेले होते, काट्याबरोबरच. दोन रेषा एकमेकींवर ठेवल्या तर वेगळ्या ओळखू येईनात. मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा मोठ्याने म्हणाले, "माझं बरोबर आहे." मामा पेपर वाचत होते. त्यांनी नुसती मान वर केली आणि म्हणाले, "मग मला का सांगतीस? त्यांना सांग."

बैठक आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसहाला होती. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, "मी बोलणार नाही. तू बोल." माझं इंग्रजी पुस्तकातलं आहे. घाई झाली की क्रियापदं मागे राहतात. म्हणून पहिली तीन वाक्यं पाठ केली होती. तिसरं वाक्य असं होतं: "मला वाटतं, चूक माझ्या विश्लेषणात नाही." ते म्हणताना आवाज कापला, पण म्हटलं.

मग बाही पडद्यावर आली.

कुणीतरी हसलं. गटप्रमुखांनी चष्मा वर केला. "हा आकार कसला आहे?"

"ब्लाउजची बाही," मी म्हणाले. "माझ्या मामीने वहीतून कापली. आकडे माझे आहेत."

आता सगळेच हसले, मीही. आणि हसण्यात माझा आवाज मोकळा झाला. पुढची वीस मिनिटं मी बोलत होते आणि क्रियापदं जागेवर येत होती. काटा, मोजणी, दोन रेषा. गटप्रमुखांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, पंपाजवळच्या दाबमापकावर तू विश्वास का ठेवत नाहीस? मी म्हणाले, "ठेवते. तो पंपाजवळचा दाब बरोबर सांगतो. आपल्याला मध्यावरचा हवा." दुसरा, अर्धा तासच का, चाळीस मिनिटं का नाही? मी चाळीस आणि पन्नास मिनिटं टाकून काढलेले आकडेही दाखवले. अर्ध्या तासानंतर काही बदलत नव्हतं.

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. "आम्हाला एक आठवडा दे," म्हणाले.

तो आठवडा मी काही कामाची नव्हते. मामीबरोबर हूक लावत बसले.

पुढच्या बैठकीत गटप्रमुखांनी स्वतःच सुरुवात केली. त्यांनी त्यांच्या रिकाम्या मोजण्या त्यांच्या पद्धतीने तुकडे करून पाहिल्या होत्या. माझा प्रोग्राम त्यांनी मागितला नाही, तो नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. "ती म्हणते तसंच आहे," ते म्हणाले. "आम्ही हायड्रोजनमधून हायड्रोजन वजा करत होतो. आणि एकमेकांच्या कामात बघायचं नाही म्हणून इतके काटेकोर होतो, की जी गोष्ट दोघांचीही समाईक होती ती कधी एकत्र बसून तपासली नाही." मग त्यांनी त्यांचा नवा आकडा दाखवला. तो माझ्या शेजारी आला होता. माझा जागचा हलला नव्हता.

मॅडमनी कॅमेऱ्यात नुसती माझ्याकडे बघून मान हलवली. सहा वर्षांत त्यांनी इतकं कौतुक कधी केलं नव्हतं.

पेटी उघडायचा दिवस ठरला. प्रोग्राम मी चालवावा, असं गटप्रमुखांनी सुचवलं आणि कुणी हरकत घेतली नाही. मामा अर्धी रजा टाकून आले, लेथचं काळं तेल नखांत तसंच. मामीने मशीनवर कापड झाकलं, भाभींना बोलावलं, आणि तिघं कॅमेऱ्यात येणार नाहीत अशी भिंतीला चिकटून उभी राहिली. गुप्त आकडा ठेवणाऱ्या बाईंनी तो पाठवला. मी तो भरला. बोट क्षणभर कीवर ठेवून थांबले. आत काय निघेल ते खरंच जगात कुणालाही माहीत नव्हतं, मला नाही, गटप्रमुखांना नाही. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

दाबलं.

दोन आकडे, एकाखाली एक, शेजारी त्यांच्या अनिश्चितता. दोन्ही लहानाच्या बाजूला. म्युऑनवाल्यांनी सांगितलेल्या आकाराला अगदी लागून! इलेक्ट्रॉन फेकूनही प्रोटॉन लहानच निघतो, हे आमच्या वाटाण्यांनी सांगितलं होतं. आणि ती जुनी बेरीज, म्हणजे अर्धा तास न टाकता केलेली, तीही मॅडमनी मुद्दाम काढून ठेवली होती. ती मोठ्याच्या बाजूला पडली. ओळ काढली असती तर आम्ही सगळे मिळून, एकमताने, चुकलो असतो.

पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांत टाळ्या वाजत होत्या. गटप्रमुख म्हणाले की निबंधात दोन्ही विश्लेषणं जातील आणि आधी माझं, कारण दुसरं त्याच्यामुळे दुरुस्त झालं.

"काय झालं?" मामांनी भिंतीपाशी उभं राहूनच दबक्या आवाजात विचारलं.

"लहान निघाला मामा."

"लहान म्हणजे बरं का वाईट?"

"लहान म्हणजे लहान. पण खरा."

"मग बास!" मामा म्हणाले, आणि तेल लागलेले हात वर करून कॅमेऱ्यातच आले. सगळ्या जगाला दिसले. मामीही आली. भाभी मागून म्हणाल्या, "कोई बताओ तो सही, पास हुई कि नहीं?" आणि मी हसता हसता रडायला लागले.

लॅपटॉप बंद करून बाबांना फोन लावला. ते डेपोत होते, मागे पाण्याच्या पाइपचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, जमेल तेवढं साधं करून. दोन आकडे, भांडण, अर्धा तास, बाही.

"म्हंजी तुझं बरोबर व्हतं," बाबा म्हणाले.

"हो बाबा."

"पहिल्यापासून?"

"हो, एक बारीकशी चूक सोडली तर पहिल्यापासून."

"मंग तीन महिने सोताच्याच घरात चोर काहून शोधत बसलीस?"

बाबांनी पाण्याचा नळ बंद केला असणार, कारण आवाज एकदम थांबला. मग फोन कानापासून दूर धरून ते डेपोतल्या कुणालातरी ओरडून सांगू लागले, "पोरीनं मोजलं! माझ्या पोरीनं मोजलं, अन् तिचंच बरोबर निघालं!" पलीकडून कुणीतरी काय मोजलं म्हणून विचारलं. बाबांना ते सांगता येईना. "लई बारीक हाय ते," ते म्हणाले, "पण बरोबर मोजलं." आणि कुठल्यातरी ड्रायव्हरने आनंदाने गाडीचा हॉर्न दाबून धरला, एवढा वेळ, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला आणि मामा, मामी, भाभी, सगळ्यांना तो ऐकू आला.